आधी गुळाचा पाक

माणसांचा घोळका दिसला की गोरक्षनाथाचे हात आपोआप वर जात. तरुणपणी तो जत्रेतल्या नाटकात राजा व्हायचा. मुकुट उतरला, तरी ती उभं राहायची ऐट काही गेली नाही.

पुढं अंकुशनगरच्या वळणावर, पत्र्याच्या शेडमध्ये, त्यानं पाणी गाळायचे फिल्टर करायला घेतले. शेवयांसारख्या बारीक, पोकळ नळ्यांचा जुडगा पाइपात भरायचा आणि टोकं रेझिननं पक्की करायची. पण ते चिकट रेझिन नळ्यांत शिरे आणि नळ्या बुजत. गोरक्षनाथानं नळ्यांची तोंडं आधी गुळाच्या पाकानं बंद केली. रेझिन घट्ट झाल्यावर टोकं कापून पाक गरम पाण्यानं धुऊन काढला. पाणी झुळझुळ आलं. पहिला पेला पुढं केला, तेव्हा त्याची बायको गोपिकाबाई म्हणाली, "आधी तुम्ही प्या. जगलात तर मंग मी पिते."

हे सुख त्याच्या पोटात मावेना. पेटंटचा अर्ज करायच्या आधीच त्यानं आष्टीच्या बाजारात सगळी कृती करून दाखवली. तिथंच तो अडकला. एका मोठ्या कंपनीनं बाजारातला मोबाइलवरचा व्हिडिओ पुढं केला: कृती आधीच जगजाहीर आहे, नवी कसली? अर्ज फेटाळला गेला. आता अपील हायकोर्टात होतं. ते हरलं, तर त्याचाच फिल्टर ती कंपनी त्याच्याच तालुक्यात आणून विकणार होती.

एक फट मात्र उरली होती. व्हिडिओत पाकाचं बोलणं मिरचीच्या चक्कीच्या घरघरीत बुडालं होतं आणि हात त्याच्याच पाठीआड गेले होते. बघणाऱ्यांना पाकाची पायरी कळलीच नसेल, तर अपिलात जीव होता. तसं शपथेवर सांगणारं माणूस हवं होतं.

म्हणून त्याच्या वकिलांची सहायक तृप्ती त्याला घेऊन आष्टीला आली. पण ज्याला विचारावं त्याला सगळं पाठ. चणेवाल्यानं तर त्याची नक्कल करून दाखवली, मान उडवण्यासकट. एरवी गोरक्षनाथानं त्याला मिठी मारली असती. आज त्यानं तोंड फिरवलं.

शेवटी बांगड्यावाली सगुणाबाई म्हणाली, "मी तर म्होरंच बसलेली. दादांनी अगोदर त्ये चिकट वतलं, मंग टोकं पाकात बुडविली."

नेमकं उलटं. तृप्तीचा चेहरा उजळला. तिनं गोरक्षनाथाकडं बघून डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. भोवती माणसं जमली. त्यातला राधाकिसन नावाचा पंपदुरुस्तीवाला हसला.

"मी बी तसंच करून बघितलं. एक थेंब आला न्हाई. निव्वळ नौटंकी होती ती."

बघूनही पायरी न कळलेला, याहून चांगला साक्षीदार मिळणार नव्हता. गोरक्षनाथानं ओठ दाबले, चपलेकडं पाहिलं, बांगड्यांकडं पाहिलं. माणसं मात्र त्याच्याकडंच बघत होती, आणि कोणीतरी पुन्हा हसलं.

त्याचे हात वर गेले.

"आधी पाक, राधाकिसन. तोंडं बंद झाली की मंग रेझिन. त्या दिवशी बी हेच वरडून सांगितलं होतं मी."

"हां, बराबर," सगुणाबाई म्हणाली. "वरडूनच सांगितलं होतं. आता आठवलं."

राधाकिसननं मान डोलावली. टाळ्या पडल्या. तृप्तीनं पेनाला टोपण लावलं. गोरक्षनाथाचे हात अजून वरच होते. ते खाली कसे घ्यावेत, हे त्याला कळेना.