पाइपाच्या पोटाशी

ओढ्याजवळ गॅसची पाइपलाइन उकरून एक तंत्रज्ञ तिची जाडी मोजत होता. वरून पिवळा रंग नवाकोरा होता. हा मात्र गुडघे टेकून पाइपाच्या पोटाला यंत्र लावत होता.

मी वाटेत थांबून बघतोय हे पाहून तो म्हणाला, "वरून कळत नाही, काका. गॅसबरोबर थोडं पाणी येतं, सखल जागी साचतं आणि आतून लोखंड खातं. म्हणून आधी ओढ्यापाशीच खणतो." आकडा वाचून त्यानं खडूनं फुली मारली.

मला अक्का आठवली. भावजी गेल्यापासून दर रविवारी मी फोनवर विचारायचो, "बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय!" म्हणत ती हसायची, आणि मी निश्चिंतपणे फोन ठेवायचो. ती गेली, त्याच्या आदल्या रविवारीही हसलीच होती.

"काही काम होतं का, काका?" मी अजून तिथंच उभा पाहून त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "आता नाही."