बंदरात गेलेले चार दिवस

सरांनी पडद्यावर तो आलेख लावला तेव्हा मी व्यासपीठावर त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसले होते. नाचणगावच्या बाजूचं एक कॉलेज, दुपारची वेळ, सभागृहात विद्यार्थी खच्चून भरलेले. तिसऱ्या रांगेत माझे बाबा. आर्वीच्या एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेला माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ताठ बसला होता. आम्ही दोघं सकाळच्या बसने आलो होतो. मला बोलावलं होतं जिल्ह्याची मुलगी म्हणून, आणि सरांना मोठे शास्त्रज्ञ म्हणून. आमच्या समुद्रमोहिमेचे ते प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली काम करत होते.

आलेखावरची रेघ पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सलग होती. ती सलग असूच शकत नव्हती, आणि त्या सभागृहात हे फक्त सरांना आणि मला माहीत होतं.

आमचं काम काय होतं ते सांगते. हिंदी महासागरात, विषुववृत्ताच्या आसपास, अधूनमधून ढगांचा एक प्रचंड पट्टा उठतो आणि हळूहळू पूर्वेकडे सरकत जातो. महिना-दीड महिन्याने पुन्हा तसाच उठतो. आपल्याकडे पावसाळ्यात कधी झड लागते आणि कधी सोयाबीन फुलावर असताना आभाळ कोरडं पडतं, त्यात या पट्ट्याचा मोठा हात असतो. एकदा तो निघाला की पुढे कुठे जाईल याचा अंदाज बऱ्यापैकी लावता येतो. पण तो सुरू कसा होतो हे अजून कोणाला नीट सांगता येत नाही. ते बघायला आम्ही जहाज घेऊन समुद्रात एका जागी थांबलो होतो.

दर तीन तासांनी आम्ही एक फुगा सोडायचो. त्याच्या दोरीला एक हलकी डबी असायची. ती वर जाता जाता हवेतली उष्णता, ओल आणि वारा कळवत राहायची. जहाज डोलत असताना तो माणसाएवढा फुगा दोन्ही हातांनी कवटाळून डेकच्या टोकाला न्यायचा, वारा पडला की सोडायचा. पहिल्या आठवड्यात मी तीन फुगे कठड्यावर फोडले. पुढे हाताला सवय झाली. खाऱ्या वाऱ्याने बोटांना भेगा पडल्या, आणि त्या भेगांसकट मी रोज आकडे बघत बसायचे. समुद्राजवळची हवा ओली, पण थोडं वर गेलं की कोरड्या हवेचा जाड थर. चार आठवडे तो थर तसाच होता. पाचव्या आठवड्यात तो खालून ओलावायला लागला. दर फुग्यागणिक ओल थोडी थोडी वर चढत होती. ज्यासाठी आलो होतो ते आमच्या डोक्यावर सुरू झालं होतं.

त्याच दिवशी किनाऱ्यावरून आदेश आला. कोणी मोठी मंडळी जहाज पाहायला येणार होती, म्हणून जहाज बंदरात आणायचं.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, “सर, एक आठवडा मागून घ्या. फक्त एक.”

ते चष्मा पुसत म्हणाले, “समुद्र काय पळून जातो का?”

“समुद्र नाही जात. ढग जातात.”

“तू अजून लहान आहेस,” ते म्हणाले. “पुढच्या मोहिमा कोणाच्या सहीने मिळतात ते तुला कळत नाही.”

त्यांनी आठवडा मागितला नाही. साधा फोनसुद्धा केला नाही. आम्ही बंदरात गेलो. डेक धुतला, पताका लावल्या. पाहुण्यांसाठी एक फुगा फुगवून ठेवला. त्यांनी त्याच्यासोबत फोटो काढले आणि ते गेल्यावर आम्ही त्यातली हवा सोडून दिली. जाणं, थांबणं आणि परत येणं यात चार दिवस गेले. त्या चार दिवसांत उपग्रहाच्या चित्रावर ढग एकमेकांना मिळत मोठे होताना मी धक्क्यावर बसून मोबाईलमध्ये पाहिले. परत पोचलो तेव्हा धो धो पाऊस पडत होता. सुरुवात होऊन गेली होती.

त्यानंतर जे झालं त्यात माझाही दोष आहे. अहवाल लिहिताना त्या चार दिवसांची जागा संगणकाच्या अंदाजाने भरली गेली. अंदाजाने भरणं काही गुन्हा नाही, सगळेच भरतात. पण भरल्याचं लिहावं लागतं. आमच्या अहवालात ते लिहिलं नाही. मी विचारलं तर सर म्हणाले, “तळटीप नंतर टाकू.” मी सही केली. माझं नाव त्या कागदावर आहे. सहा महिने मी ती तळटीप येण्याची वाट पाहिली आणि तोंड उघडलं नाही.

आता कॉलेजच्या पडद्यावर ती रेघ झळकत होती आणि सर सांगत होते, “या ढगांचा जन्म आम्ही क्षणाक्षणाने टिपला.”

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिने बिचारीने साधंच विचारलं, “सर, जिथे रेघ एकदम वर चढते, त्या दिवसांत तुम्ही किती फुगे सोडले?”

“दर तीन तासांनी एक,” सर म्हणाले आणि हसून माझ्याकडे वळले. “ही तुमचीच मुलगी तेव्हा जहाजावर होती. तीच सांगेल.”

त्यांनी माईक माझ्यापुढे धरला. मी हो म्हणणार याची त्यांना इतकी खात्री होती की ते दुसऱ्या हाताने पाण्याची बाटली उघडत होते. ती खात्री बघून माझ्या कानशिलात रक्त चढलं. सहा महिन्यांच्या माझ्या गप्प बसण्यातूनच ती आली होती.

“एकही नाही,” मी म्हणाले. “त्या चार दिवसांत आम्ही एकही फुगा सोडला नाही. जहाज बंदरात होतं. पाहुणे आले होते.”

सर हसले. “हा तांत्रिक भाग आहे. तिथे अंदाज वापरले आहेत.”

“मग अंदाज आहे असं लिहा,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि मला तो खाली आणायचा नव्हता. “या मुलांना आम्ही ते पाहिलं असं सांगू नका. आम्ही ते पाहिलं नाही. बघायला गेलो होतो आणि पाठ फिरवून निघून आलो.”

प्राचार्यांनी घाईघाईने आभार मानायला लावले. ठरल्याप्रमाणे मला शाल आणि नारळ मिळाला. शाल घालताना ते कानाशी म्हणाले, “पाहुण्यांसमोर असं नको होतं मॅडम.” सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. गाडीत बसताना त्यांनी ड्रायव्हरला एसी वाढवायला सांगितला, तेवढंच ऐकू आलं.

परतीच्या बसमध्ये बाबांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाले, “तू खरं बोलली ना?”

“हो.”

“मंग काऊन थरथरून राह्यली?”

“राग आला बाबा. सरांवरही आणि माह्यावरही. हे मी आधीच बोलाले पायजे होतं.”

मला वाटलं ते समजूत घालतील. ते म्हणाले, “हो. तवाच बोलाले पायजे होतं. सही तं तुहीच होती.” मग स्वतःचंच सांगायला लागले. “डेपोत मले एक साहेब म्हने, रद्द झालेली गाडी गेली असं लिहून टाका, वरून विचारतेत. मी म्हनलं, फाट्यावर मानसं उभी हायेत, त्यायले काय सांगू? तीन वर्षं मले चांगली ड्युटी नाई भेटली.”

हे त्यांनी मला आधी कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरच्या टेबलावर बसून मी आमच्या संस्थेला पत्र लिहिलं. कोणाची तक्रार केली नाही. कोणते चार दिवस, जहाज कुठे होतं, आलेखात काय भरलं आहे आणि माझी सही त्याखाली कशी आली, एवढंच लिहिलं. दोन महिने उत्तर नाही. मग अहवालाची दुरुस्त प्रत निघाली. रेघ त्या ठिकाणी तुटक केलेली आहे आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे. दिलगिरीचा शब्द नाही. पुढच्या मोहिमेच्या यादीत सरांचं नाव पहिलं होतं. माझं नव्हतं. मला किनाऱ्यावर आकडे तपासायच्या कामाला बसवलं आहे.

राग गेलेला नाही. कोणी विचारलं की त्यात एवढं काय होतं, चारच तर दिवस, तर मी अजूनही तडकते. तो पट्टा पुन्हा उठेल, पण मधोमध उभं जहाज आणि पुरेसे फुगे असा योग आम्हाला पुन्हा कधी मिळेल कोण जाणे.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका संस्थेच्या मोहिमेसाठी मी अर्ज केला. रजेवर आर्वीला आले तेव्हा आईला सांगितलं. ती गच्चीवर गहू पाखडत होती.

“पुन्हा त्या जहाजावर?” तिने विचारलं. “त्यायनं तुले नाई घेतलं तं?”

“तं दुसरीकडे अर्ज करीन.”

तिने सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. “यावेळी हाताच्या भेगायले लावाले काही तरी घेऊन जाजो,” ती म्हणाली.