बॅटरीची डावी कूस

आमच्या कानिफनाथला सगळी वाडी कॅप्टन म्हणते. हे नाव त्याला कुणी दिलेलं नाही, त्यानं स्वतःच घेतलं. जीपच्या पुढच्या काचेवर लाल रेडियमनं लिहून आणलं आणि जो दिसेल त्याला काचेसमोर उभं करून विचारायला लागला, "कसं दिसतंय?" लोक मोठ्यानं वाचायचे, "कॅप्टन." झालं, पडलं नाव. मी त्याची थोरली बहीण कडूबाई. पारनेर डेपोला कंडक्टर आहे. दिवसभर नाना तऱ्हेची माणसं गाडीत चढतात-उतरतात, पण याच्यासारखा नमुना अजून माझ्या गाडीत चढलेला नाही.

म्हणजे चढतो तोही, आणि चढला की थेट ड्रायव्हरशेजारची पुढची सीट धरतो. कॅप्टन मागं कसा बसेल!

तसा हा आजवर बरंच काही होऊन बसला. आधी इमू पाळले. एकेका अंड्यावर बंगला उठणार होता म्हणे. कोल्ह्यांनी पक्षी नेले आणि उरलेला एक इतका भांडकुदळ निघाला की याला स्वतःच्याच कुंपणावरून उडी टाकून पळावं लागलं. मग तळहातावर नारळ उभा करून लोकांना पाणी दाखवायला लागला. याचा नारळ जिथं हलला तिथं बोअरमधनं नुसता धुरळा आला. लोक चिडले, तर हा म्हणतो, "पानी हाय, पर ते खालून दुसरीकडं निघून गेलंय." आता काय बोलावं या माणसाला?

एक गोष्ट मात्र त्याला मनापासून येते, ती म्हणजे जनावर. अडलेली गाय असो, लंगडता बैल असो, नुसता हात फिरवून सांगतो काय दुखतंय ते. पण त्याचं त्याला काही कौतुक नाही. जे येतं त्याची लाज आणि जे येत नाही त्याची मिरवणूक, असा सगळा उफराटा कारभार.

ड्रोन आला तो बायकांच्या बचत गटाला. फवारणीचा, चांगला खाटेएवढा. उडवायला शिकायला गेली याची बायको आरती. हा तिची पिशवी धरून सोबत गेला. आत आरती परीक्षा देत होती, बाहेर हा लिंबाखाली बसून उसाचा रस पीत होता. परत आले तेव्हा पायलट हा झाला होता! काळा गॉगल घेतला, जीपवर ते नाव टाकलं. आरती बांधावर उभी राहून रिमोट चालवायची आणि हा तिच्या पुढं कमरेवर हात ठेवून आभाळाकडं बघायचा. फोटो याचे निघायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण आरती हसायची. "उभे राहू द्या आक्का," म्हणायची, "तेवढीच सावली पडते."

खरी भांडणं व्हायची ती बॅटऱ्यांवरून. ड्रोनसोबत चार बॅटऱ्या मिळालेल्या. आरती त्यांना तान्ह्या लेकरासारखं जपायची. काम करून आलेली बॅटरी तापलेली असते, तिला लगेच चार्जिंगला लावायचं नाही. सावलीत गार होऊ द्यायचं. चार्जिंग चालू असताना घर सोडून जायचं नाही. आणि चार दिवस काम नसेल तर बॅटरी भरून ठेवायची नाही, साधारण अर्धी ठेवायची. भरलेली नुसती पडून राहिली की आतून खराब होते, फुगते. हे तिला शिकवलेलं, आणि तिनं घरात सगळ्यांना ढीगभर वेळा सांगितलेलं.

पण ऐकतंय कोण? कानिफचा हिशोब बैलाचा. औतावरून आलं की आधी वैरण टाकायची, मग आपण हात धुवायचे. त्यामुळं बॅटरी गरम असतानाच हा वायर खुपसायला धावायचा. आणि आमची आई बनुबाई त्याच्या वरताण. तिच्या घरात रिकामं, अर्धं काही चालत नाही. पिठाचा डबा तळाला गेला तरी ती "पीठ वाढलं" म्हणणार, संपलं म्हणून तोंडातून काढणार नाही. बॅटरीवरच्या चार दिव्यांतले दोनच लागलेले दिसले की तिचा जीव वरखाली व्हायचा.

"अर्ध्या पोटी ठिवायला त्यांनी काय पाप केलंय?" ती विचारायची. आरतीनं हात टेकले आणि चार्जर स्वतःच्या कपाटात ठेवायला लागली.

नवरात्राच्या तोंडावर आरतीला माहेरी जावं लागलं. तिचं माहेर पाथर्डीकडचं. आई-बाप दरवर्षी दसरा झाला की ऊसतोडीला निघतात, ते निघायच्या आधी भेट व्हावी म्हणून गेली. ती स्वतः कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत वाढलेली पोर. कोयत्याशिवाय दुसरं काही आपल्या हातात यावं, हे तिच्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. आणि ते राहणार की जाणार, हे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठरायचं होतं. तालुक्याहून ड्रोन देणाऱ्या योजनेच्या मॅडम यायच्या होत्या. वाडीतल्याच सूर्यभानच्या तुरीवर अळी पडलेली, तिथं फवारणी करून दाखवायची. नीट पार पडलं तर ड्रोन कायमचा आमच्या गटाकडं, नाही तर शेजारच्या गावचा गट टपून बसलेलाच होता. जाताना आरतीनं चारी बॅटऱ्या अर्ध्या करून माळवदाखालच्या गार खोलीत ठेवल्या आणि नवऱ्याला बजावलं, "हात लावू नका. मी आले की बघते."

हात लावू नका म्हणलं की याचा हात खाजतो. लहानपणापासूनचं आहे ते.

घट बसले त्या दिवशी यानं कपाट उघडून चार्जर काढला आणि बॅटऱ्या काठोकाठ भरल्या. खंडेनवमीला हत्यारं पुजायची असतात, मग बॅटऱ्या देवीपुढं मांडायला नवमीची वाट कशाला बघायची, असं मायलेकांचं ठरलं. चारी घटाजवळ, अखंड तेवणाऱ्या समईच्या शेजारी ओळीनं मांडल्या. बॅटरीवरचा एखादा दिवा विझलेला दिसला की आई हाक मारायची आणि हा पुन्हा भरायचा. शेजारणीनं विचारलं तर आईनं काय म्हणावं? "नऊ दिस उपास मी धरलाय बाई, त्यांनी न्हाई धरलेला."

नवमीला झेंडूचे हार घातले. हळद-कुंकू बोटानं नाही, चिमटीनं सोडलं, आणि ते पडलं नेमकं वायर जोडायच्या खाचांत. वर तेलाचे दोन थेंब.

दसऱ्याला दुपारी ड्यूटी संपवून मी सोनं द्यायला गेले. उंबऱ्यातच आई म्हणाली, "बघ की, देवी कशी पावली. दोघींनी अंग धरलंय." मी वाकून बघितलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. समईच्या जवळच्या दोन बॅटऱ्या टम्म फुगल्या होत्या. एकीचं प्लास्टिकचं कवच शिवणीत उकललेलं आणि आतली चंदेरी पिशवी पोटासारखी वर आलेली.

"कान्या, हे काय करून ठेवलंस?"

तो जवळ बसला, बॅटरीवर हात फिरवला, बोटानं दाबून बघितली, कान लावला. तोंडावर असा गंभीर भाव की डॉक्टरनं शिकून घ्यावा. मग म्हणाला, "पोटफुगी हाय आक्का. गॅस धरलाय. लई झालं."

"आरतीला फोन लाव."

"ती येतीच हाय संध्याकाळपर्यंत. तवर मोकळं करतो. जनावर काय थांबतंय व्हय?"

मला वाटलं चेष्टा करतोय. पण तो खरंच बॅटरी उचलून गोठ्याकडं निघाला आणि जाता जाता पोती शिवायचं दाभण घेतलं. कोवळं हिरवं खाऊन गाय फुगली की डाव्या कुशीत सुई घालून वारा सोडतात, ते त्यानं जन्मभर बघितलेलं, दोनदा स्वतः केलेलं. मी मागं धावले. हा बॅटरी दगडावर ठेवून ती अशी फिरव, तशी फिरव करत होता.

"आता काय शोधतोस, मुडद्या?"

"डावी कूस कुठली ते कळंना गं."

मी कपाळावर हात मारून घेतला, आणि तेवढ्यात यानं दाभण घातलं.

फुस्स करून आवाज आला. हा विजयानं माझ्याकडं बघून म्हणाला, "बघ, सुटला—" आणि पुढचा शब्द धुरात गेला. पांढरा, घशाला झोंबणारा धूर, आणि मागोमाग फटाक्याच्या झाडासारखा जाळ. हा मागं उताणा पडला. बैलांनी दावी ताणली. आई देवघरातून पाण्याचा तांब्या घेऊन धावली आणि घाबरून तो जाळावर टाकायच्या ऐवजी कानिफवरच ओतला, आणि खरं सांगते, त्याच्या शर्टाचं टोक पेटलं होतं, ते तेवढ्यानं विझलं.

त्याच वेळी आरती फाटकातून आत आली. पिशवी हातातून टाकली ती टाकलीच. आधी ओरडून सगळ्यांना लांब काढलं, बैल सोडायला लावले, मग घमेल्यानं कोरडी माती आणून जाळावर रिचवत राहिली. जाळ बसला तरी ती माती टाकतच होती. दुसरी फुगलेली बॅटरी तिनं हळूच उचलून लांब मोकळ्या रानात खड्ड्यात ठेवली. मग ओट्यावर बसली आणि पहिल्यांदा मी तिला रडताना बघितलं.

"उद्या काय उडवू, आक्का? ह्यांचं कपाळ?"

कानिफ कोपऱ्यात उभा. भुवया गेलेल्या, मिशी एका बाजूनं करपलेली. एरवी या तोंडाला मी आठवडाभर हसले असते. त्या दिवशी हसू आलं नाही, रागानं हात शिवशिवत होते.

उरलेल्या दोन बॅटऱ्या आरतीनं कोरड्या ब्रशनं आणि फडक्यानं खाच न् खाच पुसून काढल्या. हळद निघता निघेना. चार्जरला लावून आतले भाग सारखे भरलेत का ते बघितलं. एकीत एक भाग सारखा मागं पडत होता, ती बाजूला ठेवली. राहिली एक.

सकाळी सूर्यभानच्या बांधावर अख्खी वाडी जमली. मॅडम आल्या. कानिफही आला, गॉगल लावून, टोपी खाली ओढून. लोकांनी सवयीनं त्यालाच पुढं ढकललं, "चला कॅप्टन!" तो दोन पावलं मागं सरकला. आरतीनं रिमोट हातात घेतला. ड्रोन उठला, तुरीवरून सरळ रेघ मारत गेला, वळला, परत आला. शेंडे वाऱ्यानं हलत होते आणि औषधाची भुरभुर खाली बसत होती. थोडं रान राहिलं असतानाच तिनं तो खाली उतरवला. लोक ओरडले, "अगं अजून चार्जिंग हाय की! मार अजून एक फेरी!" ती म्हणाली, "पार संपवून उतरवत नसतात." मॅडमनी मान डोलावली. माझा जीव जरा भांड्यात पडला.

आणि मग मॅडमनी विचारलं, "राहिलेलं रान दुसऱ्या बॅटरीवर करा ना. चार दिल्यात तुम्हाला. बाकीच्या कुठं आहेत?"

 आरतीनं मान खाली घातली. नवऱ्याचं नाव चारचौघांत घेणार नाही, हे मला माहीत होतं, आणि तिची चीडही आली. सूर्यभान मध्येच म्हणाला, "कंपनीचा मालच खराब निघाला मॅडम." मॅडम काही बोळ्यानं दूध पिणाऱ्या नव्हत्या. म्हणाल्या, "तसं असेल तर तपासू. पण पायलटच्या हातून गेल्या असतील तर ड्रोन इथं ठेवता येणार नाही. पायलट कोण?"

सगळ्या वाडीनं कानिफकडं बघितलं. त्यानं तोंड उघडलं आणि मी मनात म्हणलं, झालं, आता हा सांगणार की बॅटरी होती पण खालून दुसरीकडं निघून गेली.

त्यानं गॉगल काढला. बिनभुवयांचं ते तोंड बघून मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. कानिफ म्हणाला, "पायलट ती हाय मॅडम. मी कुनी न्हाई, तिचा नवरा हाय. तिनं हात लावू नका म्हनून सांगितलं हुतं. मी भरल्या, मी फुगवल्या, आन् मीच दाभन घातलं. मला बैलातलं कळतं. ह्यातलं काय बी कळत न्हाई."

 आई पदर तोंडाला लावून पुटपुटली, "भरायला मीच सांगितलं हुतं." मॅडमनी आरतीला विचारलं, "यापुढं बॅटऱ्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागणार?" आरतीनं वर बघितलं, नवऱ्याकडं नाही, मॅडमकडं. म्हणाली, "लागला तर तो हात मी ठेवणार नाही." ड्रोन राहिला.

दोन दिवसांनी कानिफ आमच्या वाडीच्या फाट्यावर माझ्या गाडीत चढला. जीपच्या काचेवरचं नाव ब्लेडनं खरवडून आला होता, नखांत लाल रेडियम तसंच. सूर्यभान आधीच बसलेला. त्यानं हाक मारली, "काय कॅप्टन, राहिलेली तूर कधी फवारता?"

"आरतीला इचारा," कानिफ म्हणाला. "मी टाकीत पानी भरायला आसतो."

आणि पुढची सीट रिकामी असताना तो मागं जाऊन, शेवटच्या बाकावर पिशव्यांच्या गर्दीत बसला. मी मशीनवर तिकीट काढता काढता तिथवर गेले. मनात शिव्या तयार होत्या, चांगल्या निवडक. पण ते करपलेलं तोंड बघितलं आणि सगळ्या तशाच गिळल्या.

"ऊठ मेल्या," मी म्हणलं, "पुढं जाऊन बस."