हॉल्गरनं काढलेली स्प्रिंग

हॉल्गर ब्रामसन चौतीस वर्षं जहाजांच्या पोटात सुतारकाम करत होता. खलाशांची झोपायची फळी, कप्तानाचं कपाट, जेवणघरातली बाकं. गोदी बंद पडली तेव्हा मालकांनी त्याला मनगटी घड्याळ दिलं. ते त्यानं एकदाही बांधलं नाही. जहाजावर एकही वस्तू सुटी ठेवायची नसते, हे मात्र तो भेटेल त्याला सांगायचा. लाट आली की सुटी खुर्ची माणसाचा पाय मोडते.

मी त्याच्याच जिन्यात एक मजला वर राहते. आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं. त्यामुळे पुढे जे झालं ते मला समजलं नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

आमच्या फियोर्डच्या, म्हणजे आत शिरलेल्या अरुंद खाडीच्या काठच्या गावात ट्राम आणायचं ठरलं. आराखडा करणाऱ्या कचेरीला बंदरावरच्या जुन्या साखर गोदामात अख्खा डबा आणि स्टेशनचा एक तुकडा खऱ्या मापात, प्लायवूडमध्ये उभा करून हवा होता. गावकऱ्यांनी त्यात शिरायचं, बसायचं, मत द्यायचं. कुणीतरी हॉल्गरचं नाव सुचवलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस रंधा घेऊन पुन्हा कामाला जायला लागला. शीळ घालत जिना उतरायचा.

कामाची प्रमुख सिग्ने. तिशीची, हुशार, मनानं चांगली. हे मी मुद्दाम लिहिते, कारण तिच्यावर खापर फोडणं फार सोपं आहे.

"हा नुसता डबा नाही, हॉल्गर," ती म्हणायची. "गावाची चालती बैठकीची खोली आहे. सकाळी सायकली, दुपारी बाबागाड्या, शनिवारी भाजीबाजार. म्हणून सगळ्या सीट मिटून भिंतीला लागल्या पाहिजेत. स्टेशनवरही बाक नको. बसायला चाकांच्या पेट्या ठेवू, ज्याला हवी तिथे त्यानं ओढावी."

"आणि म्हातारी माणसं कुठे ठेवायची?"

"कुठेही," सिग्ने खुशीत म्हणाली. "तेच तर."

"दाराशी दोन तरी पक्क्या सीट कर."

"एक पक्की केली की सगळी जागाच अडते रे. पण लिहून घेते मी." तिनं पिवळ्या चिठ्ठीवर लिहून भिंतीला चिकटवलं. तशा चिठ्ठ्या त्या भिंतीवर चारेकशे होत्या.

पक्क्या सीट हॉल्गरला एस्तरसाठी हव्या होत्या. एस्तर त्याची बायको. तिचे स्नायू वर्षावर्षाला झिजत होते; घरात भिंत धरून, बाहेर वॉकर धरून चालायची. दर गुरुवारी मात्र कोमट पाण्याच्या तलावात ती कशालाही न धरता चालायची. आठवड्यातली चाळीस मिनिटं. तलावापर्यंत चार नंबरची बस जायची आणि ट्राम आली की ती बस बंद होणार होती. नगरपालिकेची घरपोच गाडी मिळाली असती, पण ती दोन तास आधी येते नाही तर दोन तास उशिरा. "मी पार्सल नाही," एस्तर म्हणाली, आणि विषय संपला.

डबा उभा राहिला तेव्हा हॉल्गरनं तिला दाखवायला नेलं. मीही गेले. एस्तर बसली, खूश झाली. मग उठायला म्हणून तिनं अंग जरा पुढे घेतलं. तिचं वजन उतरताच सीट मागे खटकन मिटली. पाय थरथरले म्हणून ती परत टेकायला गेली, तर खाली काही नाही. हॉल्गरनं बगलेत हात घालून धरली म्हणून वाचली. आजूबाजूची चार माणसं हसली. एस्तरही हसली.

हॉल्गर हसला नाही.

दुसऱ्या दिवशी नागरिकांच्या समितीची पाहणी होती. वृद्धांची प्रतिनिधी मी. थोडी लवकर पोचले, तर हॉल्गर त्याच सीटखाली गुडघे टेकून बसलेला. तळहातावर एक स्प्रिंग.

"हे काय रे?"

"काही नाही. करकरत होती."

"दोनांतली एक काढलीस की सीट वर जाणारच नाही."

"बोदिल, तिला आज फोटोसाठी बसवणार आहेत. लोकांसमोर परत नको."

असा तो. एखादी वस्तू बिघडली की सांगत बसायचं नाही, गुपचूप नीट करायची. जहाजावर ते चालत असेल.

एस्तर बसली, उठली, पुन्हा बसली. सीट जागची हलली नाही. फोटो निघाला. फोटोच्या परवानगीच्या कागदावर मीच तिची सही घेतली. सभा तीन तास चालली, कॉफी गार झाली, आणि शेवटी कागद फिरला: 'मिटणाऱ्या सीट वयोवृद्धांना सोयीच्या आहेत.' मला घरी जायचं होतं. मी सही केली.

ट्राम आली, बस गेली. खऱ्या सीटांना दोन्ही स्प्रिंगा होत्या. एस्तर उठताना हॉल्गर तळहातानं सीट दाबून धरायचा. असे अकरा गुरुवार गेले. बाराव्या गुरुवारी तो वॉकर उघडत होता, नेमका ट्रामनं ब्रेक लावला, आणि अर्धवट उठलेली एस्तर सीट समजून हवेत बसली. माकडहाड मोडलं.

हॉल्गरनं पत्र लिहिलं. उत्तर नम्र होतं. तक्रार नोंदवली आहे. मात्र चाचणीत वृद्धांच्या प्रतिनिधींनी सीट सोयीच्या ठरवल्या होत्या, अहवाल सोबत. पान अकरावर एस्तरचा फोटो, खाली माझी सही.

मग आम्ही दोघं सिग्नेकडे गेलो. हॉल्गरनं स्प्रिंग तिच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. माझ्या वाटणीचं मी सांगितलं.

सिग्नेनं स्प्रिंग उचलून हातात घेतली. "तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू पक्क्या सीटचं लिहून घेतलं होतंस की."

ती लाल झाली. "डब्यांची पुढची मागणी आठ वर्षांनी निघेल. तेव्हा नक्की घालीन."

"बरं," हॉल्गर म्हणाला. "एस्तरला तेवढं थांबायला सांगतो."

निघताना तिनं आमचं म्हणणं लिहून घेतलं. चिठ्ठी पिवळीच.

भाजीबाजार डब्यात एकदाच भरला, छायाचित्रकार आले होते तेव्हा. स्टेशनवरच्या पेट्यांपैकी एक कुणीतरी रुळांवर ढकलली, तेव्हापासून सगळ्या साखळीनं कठड्याला बांधल्या आहेत. "बांधल्याच ना शेवटी," हॉल्गर एवढंच म्हणाला.

हाड जुळलं, पण एस्तर पुन्हा ट्राममध्ये चढली नाही. तलावातली तिची वेळ दुसऱ्या कुणाला गेली. आता ती घरातही चालत नाही.

गेल्या महिन्यात ट्रामचा मार्ग वाढणार म्हणून स्टेशनभर मोठे फलक लागले. 'सगळ्यांसाठी जागा'. फलकावर एस्तर, प्लायवूडच्या डब्यात बसलेली, हसत. हॉल्गर ते काढून टाकायला सांगायला निघाला होता. कोट चढवून दारात उभा. मी म्हटलं, चल, मीही येते. परवानगीचा कागद माझ्याच हातून गेला होता.

एस्तरनं खुर्चीतून हाक मारली. "कुठे निघालात दोघं?"

हॉल्गरनं सांगितलं.

"राहू दे," ती म्हणाली. "मला धड बसता आलं ती तेवढीच ट्राम."

हॉल्गरनं कोट काढून खुंटीला लावला. मी वर आले.