चोरखिसेवाल्या काकांची सहल

बसस्थानकातून बाहेर पडलं की उजव्या हाताला एक दगडी जिना लागतो. त्याच्या पोटाशी काकांचं दुकान. दुकान कसलं, पाय लांब केले तर टाचा रस्त्यावर याव्यात, एवढी जागा. तिथे मांडी घालून त्यांनी पस्तीस वर्षं लोकांच्या बॅगा दुरुस्त केल्या. निसटलेली चेन, मोडलेलं चाक, उखडलेलं हँडल, काहीही आणा. पण नाव झालं ते चोरखिशांमुळे. कोटाच्या अस्तरात, पँटच्या पट्टीत ते असा खिसा शिवत की चोर राहू द्या, मालकालाच तो सापडायची मारामार.

काम होईपर्यंत गिऱ्हाईक समोरच्या स्टुलावर बसायचं आणि आपली कर्मकथा सांगायचं. कुणाला खोट्या पोलिसाने 'कागद दाखवा' म्हणून लुबाडलेलं. कुणाच्या पाठीवर एकाने काहीतरी चिकट उडवलेलं, दुसऱ्याने अगदी मायेने पुसून दिलेलं, आणि पुसता पुसता पाकीट गायब. काका ऐकायचे, दोऱ्याला मेण लावायचे, मान हलवायचे आणि निघताना चार सूचना द्यायचे. स्वतः शेवटच्या थांब्यापलीकडे कधी गेले नव्हते, पण जगातले भामटे त्यांना तोंडपाठ होते.

साठी ओलांडली तेव्हा लेकीने आईबापांच्या हातात समुद्रकाठच्या एका शहराची तिकिटं ठेवली. चार दिवसांची सहल. काकू हरखल्या. काकांनी आठवडाभर दुकान बंद ठेवून स्वतःच्या कोटाला सात चोरखिसे शिवले.

"अहो, फिरायला निघालोय की लढाईला?" काकूंनी विचारलं.

"तू बघत राहा," काका म्हणाले.

पहिल्या दिवशी काकूंनी समुद्र पाहिला, जुने मनोरे पाहिले, घुमटावरची नक्षी पाहिली. काकांनी फक्त लोकांचे हात पाहिले. रात्री पाठ टेकली तेव्हा अख्ख्या शहरातलं त्यांना काही आठवेना. हात तेवढे आठवत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कारंज्याच्या चौकात आली. काकू घड्याळांच्या एका दुकानापाशी रेंगाळल्या. काका दोन पावलं पुढे होते, एवढ्यात मागून आवाज आला, "काका, जरा थांबा. तुमच्या पाठीवर काहीतरी सांडलंय. पुसून देतो."

वळून पाहतात तर राखाडी स्वेटर घातलेला एक तरुण, हातात रुमाल. तीच गोष्ट! शब्दसुद्धा तेच! "चल गं!" असं ओरडून त्यांनी जी धूम ठोकली ती डावीकडची गल्ली, मग उजवीकडची, मग एक बोळ पार करूनच थांबले. मागे पाहिलं. तरुण नव्हता. काकूही नव्हत्या.

आता काय करावं? परत जावं तर तो तिथेच असेल. न जावं तर ही एकटी. शिवाय परत जायचं कुठून? बोळाच्या दोन्ही टोकांची घरं सारखीच दिसत होती, खिडक्यांचे पडदेसुद्धा. तेवढ्यात फोन वाजला. त्यांच्याच अंगावर, पण नेमका कुठे, ते कळेना. काकांनी छाती चाचपली, कंबर चाचपली, काखेत हात घातला. हॉटेलची किल्ली निघाली, गोळ्यांची डबी निघाली, चष्मा निघाला. फोन वाजतच होता. समोरून येणाऱ्या दोन बायका त्यांना वळसा घालून पलीकडच्या कडेने गेल्या. शेवटी फोन वाजायचा थांबला. तो कुठल्या खिशात आहे ते अजून सापडलं नव्हतं.

"काय हरवलं, आजोबा?" खाकी कपड्यातला एक माणूस समोर उभा होता. "ओळखपत्र बघू तुमचं."

दुसरी गोष्ट! एकाच सकाळी दोन्ही? की हा खरा आणि पहिला खोटा? की दोघं एकाच टोळीतले? छातीवरचा बिल्ला खरा कसा ओळखायचा, हे पस्तीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने सांगितलं नव्हतं.

"मी... मी इथलाच आहे," ते कसेबसे म्हणाले.

"मग हातात हॉटेलची किल्ली कशाला?"

काकांनी किल्ली पाठीमागे लपवली. मग स्टुलावर बसणाऱ्यांना ते स्वतः जे सांगत आले होते, ते आठवलं. "कागद दाखवीन, पण चौकीतच. आणि गाडीत बसणार नाही. भर रस्त्याने चालत जाऊ."

"चला की. या कोपऱ्यावरच तर आहे," तो माणूस म्हणाला आणि निमूट पुढे चालू लागला. चौकीचा फलक दिसेपर्यंत काका त्याच्यापासून दहा पावलं मागे राहिले.

आत बाकावर काकू बसल्या होत्या. शेजारी तोच राखाडी स्वेटर.

"कुठे पळालात हो? फोन का नाही उचलला?" काकूंचा आवाज चिरकला. "मी वेड्यासारखी रडत उभी होते. या मुलाने इथवर आणलं. वाटेत पर्स पडली, तीसुद्धा याने उचलून दिली."

तरुण उठला. "काळजी घ्या, काका," एवढं म्हणून निघूनही गेला. काका त्याला धन्यवाद म्हणायला तोंड उघडणार, तोच खाकी माणूस म्हणाला, "याला त्या कारंज्याच्या चौकात आम्ही दोनदा पकडलंय. पाकिटं मारतो."

काकूंनी घाईघाईने पर्स उघडली. सगळं जागच्या जागी होतं. काकांनी कोट काढला. पाठीवर खरंच पिवळा डाग होता. वास घेतला तर कसल्यातरी सॉसचा. काल जेवताना ते हॉटेलच्या खुर्चीला टेकले होते, तिथला? की त्याने आज उडवला? आणि तो पाकीटमार असेल तर रडणाऱ्या बाईला घेऊन आपल्या पायांनी चौकीत कशाला येईल? सुधारला होता? की काकूंना पाहून त्याला कुणाची आठवण झाली? काकांनी हे सगळं विचारल्यावर खाकी माणसाने खांदे उडवले. "ते आम्हालाही नाही कळलं," म्हणाला.

उरलेले दोन दिवस काकूंनी त्यांचं मनगट सोडलं नाही. सकाळी बाहेर पडताना त्या ठरवायच्या, "चुकामूक झाली तर हॉटेलच्या दारात. ऐकलंत?" काका हो म्हणायचे. डोक्यातून तो तरुण जात नव्हता. समुद्राकडे बघता बघता मध्येच म्हणायचे, "पण मग त्याने पर्स का दिली असेल गं?"

परत आल्यावर जिन्याखाली सगळं पूर्वीसारखं सुरू झालं. चोरखिसे ते अजून शिवतात, पण एका कोटाला एकच. बॅग घ्यायला आलेल्या प्रत्येकाला विचारतात, "बरोबर कोण आहे? हरवलात तर कुठे भेटायचं, ते ठरवलंत का?" आणि मग, काम नसेल तर, ही सगळी हकीकत सांगून गिऱ्हाइकालाच कोड्यात टाकतात, "तुम्हीच सांगा, कोण होता तो?"

बहुतेक जण ठासून उत्तर देतात. निम्मे म्हणतात चोर, निम्मे म्हणतात देवमाणूस. काका दोघांनाही मान हलवतात आणि सुईत दोरा ओवायला लागतात.