तिच्या सहीवर माझं अक्षर

माझं अक्षर चांगलं होतं, आणि कॉलेजात माझं भांडवल तेवढंच. एसटीच्या पासाचा अर्ज असो की शिष्यवृत्तीचा, मुली आधी खाली सही ठोकायच्या आणि कोरा कागद माझ्यापुढे सरकवायच्या. आमच्याकडे ही रीतच होती. सही ज्याची त्याची, बाकीचं अक्षरवालीनं बघायचं.

मी बोरीहून जुन्नरला यायचे. बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण पश्चिमेच्या डोंगरातून, भातखाचरांच्या गावातून यायची. जायला दोन तास, यायला दोन तास. आम्ही दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा कॉलेजात नवे कॉम्प्युटर आले आणि त्यांच्या मागोमाग एक फॉर्म आला. कसं शिकायला आवडेल? वर्गात, घरी कॉम्प्युटरवर सीडी लावून, की थोडं असं थोडं तसं? घरी शिकणाऱ्यांना पुढच्या वर्षी हजेरी माफ. खाली कारण लिहायला चार ओळी.

बहुतेकांनी 'घरी'वर खूण केली. सगळ्या वर्गात कॉम्प्युटर होता दोघांच्या घरी. पण कॉम्प्युटर नको म्हणणारा अडाणी ठरेल, अशी ज्याला त्याला धास्ती. उरलेल्यांनी 'थोडं असं थोडं तसं' निवडलं, म्हणजे कुणाचंच मन मोडायला नको.

मैत्रिणीची गाडी सुटायची वेळ झाली होती. तिनं सही करून फॉर्म माझ्या हातात दिला. "माझं तू भर. वर्ग लिही," म्हणाली आणि स्टँडकडे पळाली.

रोज चार तास एसटीत काढणारी मुलगी वर्ग मागते, म्हणजे हिला प्रश्नच कळलेला नाही, असं मी ठरवून टाकलं. शहाणपण मला तेव्हा जरा जास्तच होतं. मी 'घरी'वर खूण केली आणि कारण सजवून लिहिलं: प्रवासाचा वेळ वाचेल, अभ्यास सांभाळून घरकामालाही हातभार लागेल.

फॉर्म गोळा करणाऱ्या सरांना ते फार आवडलं. पुढं शिष्यवृत्तीच्या कागदांसाठी तिचे वडील आले, तेव्हा सरांनी त्यांना वाचून दाखवलं. मी मागेच रांगेत उभी होते.

"ती सोता म्हणती व्हय?" वडील म्हणाले. "मंग रोज एष्टी कशापायी? द्या सीड्या. शेजारी पिच्चर लावायचं मशीन हाय, त्याच्यावर बघंल."

'सर, ते मी लिहिलंय' एवढंच म्हणायचं होतं. दुसऱ्याचा फॉर्म भरला म्हणून सर बोलतील, या भीतीनं म्हटलं नाही. भित्री होते, दुसरं काही नाही.

त्या सीड्या कॉम्प्युटरच्या, पिक्चरच्या मशीनवर लागल्या नाहीत. तोवर भाताची लावणी सुरू झाली होती. मग घरातलं एकेक काम निघत गेलं आणि परीक्षेचा अर्ज भरायचा राहून गेला.

पुस्तकं परत करायला ती एकदा आली. लायब्ररीच्या दारात मी सगळं कबूल केलं.

"ठावं हाय. अक्षर वळखू येतं तुझं," ती म्हणाली. "घरी घडीघडीला कुणी ना कुणी हाक मारतं गं. वर्गात बसल्यावर मला कोण हाक मारत न्हाई."

आत गेल्यावर लायब्ररीतल्या बाईंनी पुस्तकं जमा केल्याचा फॉर्म पुढे केला. सवयीनं मी हात पुढे केला. तिनं फॉर्म स्वतःकडे ओढला, हळूहळू सगळ्या ओळी भरल्या, एकदा वाचून पाहिल्या, आणि सही शेवटी केली.