वाढदिवसाची कादंबरी

ओमना मेनन मल्याळम भाषेतल्या कादंबरीकार आहेत आणि गेली कित्येक वर्षे सुकापूरला राहतात, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ठाऊक असलेला माणूस पनवेलमध्ये सापडणे कठीण.

पालक्काडहून त्या लग्न होऊन आल्या. पती बंदरात नोकरीला होते, आता हयात नाहीत. घर भामाबाईंचे, भाड्याचे. खाडीकडचे मिठागर, तिथे राबणाऱ्या बायका, विकलेली जमीन, हे सारे ओमनाबाईंनी घरमालकिणीच्या ओट्यावर ऐकले आणि चार कादंबऱ्यांत लिहिले. केरळात पुरस्कार मिळाले. सुकापूरने अक्षरही वाचले नव्हते. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांनी एकदा वाचावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

म्हणून पहिली कादंबरी त्या मराठीत तोंडी सांगत गेल्या, शेजारी या नात्याने मी ती लिहून काढली. एका वाचनालयाने ती छापण्याचे मान्य करून दोन वर्षे ‘विचाराधीन’ ठेवली. विचार कोण करत होते, ते कळले नाही. अखेर भामाबाईंचा मुलगा धनेश, जो आता बिल्डर आहे, म्हणाला, “काकी, माझ्या वाढदिवसाला वाटू. गेल्या साली डबे वाटले, तर झाकण बसत नाय म्हणून लोक बोलले. पुस्तकाला झाकणच नाय!”

मी विरोध केला.

“निदान वाचतील तरी,” ओमनाबाई म्हणाल्या.

मुखपृष्ठावर हात जोडलेला धनेश होता. लेखिकेचे नाव आतल्या पानावर. वाढदिवसाच्या कार्यक्रमात निवेदकाने ‘केरळहून खास आलेल्या पाहुण्या’ असा त्यांचा परिचय करून दिला. त्यांनी शाल घेतली. पुस्तके पावभाजीच्या रांगेत संपली.

महिन्याभराने आम्ही भामाबाईंकडे गेलो. पुस्तक टीव्हीशेजारी उभे होते.

“माज्या पोराचा फोटू बेस आलाय बघ.”

“आत तुमची गोष्ट हाय, आत्या. अंकिताकडून वाचून घ्या ना,” ओमनाबाई म्हणाल्या. अंकिता ही भामाबाईंची नात.

“मिठागराची? ती सगली मला ठावं हाय गो. मीच तं तुला सांगलीय. परत कशाला आयकू? तू च्या पी.”

ओमनाबाई चहा प्यायल्या.

उरलेल्या तीन कादंबऱ्या मराठीत आणू या का, असे मी वाटेत विचारले. त्या नको म्हणाल्या. स्वरात राग नव्हता, दुःखही नव्हते. सध्या त्या पालक्काडजवळच्या आपल्या जन्मगावावर लिहीत आहेत. तिथे त्यांचे कुणी उरलेले नाही. एखादा रस्ता आठवला नाही, की फोनवरच्या नकाशात पाहून घेतात.